ठिपका

कुवारबावच्या पुढं, कातळ फोडून उठवलेल्या
आमच्या चार मजल्यांना समुद्र दिसत नाही.
टाकीवर चढलं तर दिसतो, बोटभर.
बिजागऱ्यांना मात्र तो न दिसताही कळतो.

यास्मिन होडेकर राहायला आली
तेव्हा टेम्पोत भांडी कमी, दारं जास्त.
भंगारातली, पावसानं फुगलेली,
कुणाचं तरी ‘शुभ लाभ’ अर्धवट खरवडलेलं.
मी सेक्रेटरी. विचारणं भाग होतं.
“चित्रं काढते, काका. घरात कोणी नसताना
माणसं कशी असतात, त्याची.”
मी म्हटलं, जिन्यात टर्पेंटाइनचा वास नको.

वर्षभर ती घरोघर बसली.
चहा नको म्हणायची, एक तास मागायची.
“मी नाहीच असं समजा.”
लोक हसायचे. आणि मग, कोण जाणे कसे, समजायचे.
माझ्याकडं दोनदा आली.
मी म्हटलं, बाई, माझ्यात काय ठेवलंय?
हवी तर मेंटेनन्सची वही बघ.
ती वही तिनं खरंच बघितली, शेवटच्या पानापर्यंत.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी
पार्किंगमधल्या स्कूटर हलवून
तिनं अकरा दारं उभी केली, भिंतीपासून लांब.
प्रत्येक दाराला भिंग, पण उलटं बसवलेलं:
बाहेरून डोळा लावायचा,
आतलं दिसायचं.

पाध्ये बाई, वर्गात ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं
बाकं सरळ होतात, मिक्सर लावून रडत होत्या.
भांड्यात काही नव्हतं.
सुर्व्यांनी मस्कतातल्या दोन्ही मुलांची अंथरुणं घातली होती
आणि मधल्या फटीत स्वतः उताणे,
पंख्याला काहीतरी समजावून सांगत.
मिरकरवाड्याच्या लिलावात गळा फाडणारा मयेकर
उघड्या फ्रीजच्या उजेडात
पायाच्या नखांना लाल रंग लावत होता,
जिभेचं टोक बाहेर, एखाद्या पोरासारखं.

चेहरे कुठंच नव्हते.
लादीवरून, कॅलेंडरवरून ज्याचं त्याला कळत होतं
आणि जो तो आपल्या दारापुढून हलायला तयार नव्हता.
मयेकर बराच वेळ वाकून राहिला. मग उठून म्हणाला,
“करंगळीचा रंग चुकलाय.”

अकराव्या दारावर ३०४ लिहिलं होतं. माझा नंबर.
मी डोळा लावला. धुरकट उजेड, बाकी काही नाही.
“तुमचं सुलट आहे, काका,” ती म्हणाली,
“मागून या.”

मागं एक ट्यूबलाइट, आणि उभं राहण्यापुरती जागा.
मी उभा राहिलो, घरी राहतो तसाच,
डावा हात कडीवर, श्वास धरून.
भिंगात सगळे होते: पाध्ये, सुर्वे, मयेकर,
कडेला वाकलेले, लहान,
रोज पॅसेजमधून जातात तसे,
पिशव्या घेऊन, मी नाही असं समजून.

तेवढ्यात तोडणकरांची धाकटी समोर येऊन ओरडली,
“आत कोणीतरी आहे! ठिपका विझला!”

नंतर यास्मिन दारं गुंडाळताना म्हणाली,
“बाहेरून कळतं, काका. पहिल्या दिवसापासून.
मी जिना चढले की उजेडाचा ठिपका विझतो.
पुढं गेले की पेटतो.”
तिनं कुणालाच विचारलं नव्हतं
की मी कुणाची वाट बघतो.
मलाही नाही.

रात्री वर गेलो. दिवा आत चालू राहिलेला.
अकरा वर्षांत माझ्या दाराकडं
या बाजूनं असं कधी बघितलं नव्हतं.
भिंगात ठिपका, स्वच्छ, पिवळा.
किल्ली हातात होती.
तरी मी बेल वाजवली
आणि ठिपक्याकडं बघत राहिलो.